गोचीड आणि ठिपक्यांचा ताप

गोचीड ठाऊक नाहीं असा मनुष्य खेड्यांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. गाईच्या कानामागें, बैलाच्या मानेखालील पोळींत, शेपटीच्या मुळाशीं व कासेच्या घडींत ती एरंडीच्या बियेसारखी फुगून बसलेली आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. ही उपमा कांहीं आपलीच नव्हे. एरंडाच्या झाडास वनस्पतिशास्त्रांत जें लॅटिन नांव आहे त्याचा मूळ अर्थ गोचीड असाच आहे. त्याचें बीं पाहून प्राचीन रोमी शेतकऱ्यांसहि हेंच सुचलें होतें. सायंकाळीं धार काढण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळी या गोचिड्या ओढून काढतात, दगडावर चिरडतात किंवा चुलींत टाकतात. कित्येक तर त्या दोन नखांमध्यें धरूनच फोडतात. त्यांत कोणास भय वाटत नाहीं.

परंतु या क्षुद्र जीवाच्या पोटांत व लाळेंत काय असूं शकतें, हें समजण्यास विद्वानांस पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तें समजून घेतां घेतां त्यांतील कित्येकांस प्राणास मुकावें लागलें. ती हकीकत वाचकांस सांगावी असा हेतु आहे. ती अमेरिकेंतील आहे खरी. पण तिच्यांतील तापाचा सख्खा भाऊ आपल्या देशांतहि नांदत आहे, आणि त्याची ओळख नसल्यामुळें घरोघरीं घात होतो.

प्रथम गोचिडीचें कूळ पाहूं. पुष्कळांची समजूत अशी आहे कीं ती एक प्रकारचा किडा होय. किड्यांस सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीचे पाय मोजावे, ते आठ भरतील. तिची सोयरीक कोळी व विंचू यांच्याशीं आहे. मात्र अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलास सहाच पाय असतात. तें एकदां रक्त पिऊन कात टाकतें तेव्हां त्यास आठ पाय येतात. पुन्हां रक्त पिऊन पुन्हां कात टाकली म्हणजे तें प्रौढ होतें. प्रौढ मादी तिसऱ्यांदा पोटभर रक्त पिते, जमिनीवर गळून पडते, भेगेंत किंवा पाचोळ्याखालीं हजारों अंडीं घालते आणि मरते. एवढाच तिचा संसार. कांहीं जातींच्या गोचिड्या हीं तिन्ही भोजनें एकाच जनावरावर उरकतात. आपल्या गुरांवर नेहमीं दिसणारी गोचीड या प्रकारची आहे. दुसऱ्या जाती प्रत्येक भोजनानंतर खालीं उतरतात आणि पुढल्या वेळीं नवा यजमान शोधतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ही अशी तीन दारीं जेवणारी आहे. जी तीन दारीं फिरते ती एका घरचा रोग दुसऱ्या घरीं नेते, हें उघड आहे. जी एकाच दारीं जेवते ती तरी निर्दोष असेल असें वाटेल. पण तसें नाहीं, आणि त्याचें कारण पुढें येईल.

गोचिडीस पंख नाहींत, तिला उडीहि मारतां येत नाहीं. रानांतील गोचीड गवताच्या शेंड्यावर चढून पुढचे दोन पाय पसरून बसते. त्या पायांत एक सूक्ष्म इंद्रिय असतें. त्याच्या योगानें जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास, वास व ऊब तिला कळते. अंगाचा स्पर्श होतांच ती चिकटते, आणि मऊ जागा सांपडेपर्यंत चालत राहते. तिच्या तोंडाचा मधला भाग करवतीसारखा असून त्याचे दांते मागच्या बाजूस वळलेले असतात. म्हणून ती सहज निघत नाहीं. तिच्या लाळेंत कातडी बधिर करणारें व रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें. कित्येक जातींच्या लाळेंत तर एक प्रकारचा चुना असतो म्हणा ना, तो वाळून तोंडाभोंवतीं घट्ट बसतो. डांस क्षणांत आपलें काम आटोपून निघून जातो. गोचीड मात्र पाहुणी येऊन कित्येक दिवस मुक्काम करते, आणि चावल्याचें बहुधा कळतहि नाहीं. या दीर्घ मुक्कामांत ती रक्त ओढते व मधून मधून लाळ आंत सोडते. लाळेंत जंतु असले तर ते याच वाटेनें शरीरांत शिरतात.

गोचिडीपासून रोग होतो हें प्रथम कोणीं ओळखलें, असें विचारल्यास उत्तर गुराख्यांकडे जातें. अमेरिकेंतील टेक्सास प्रांताचीं गुरें उत्तरेकडे हांकलीं म्हणजे वाटेंतल्या कुरणांत चरणारीं उत्तरेचीं गुरें तापानें मरत, आणि टेक्सासचीं गुरें मात्र धडधाकट दिसत. गुराखी म्हणत, हा गोचिडीचा प्रताप आहे. विद्वान हंसत. थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञानें मात्र तें हंसण्यावारीं नेलें नाहीं. १८८९ पासून त्यानें व किलबोर्न नांवाच्या पशुवैद्यानें वॉशिंग्टन शहराजवळ कुरणें आंखून प्रयोग केले. एका कुरणांत दक्षिणेचीं गुरें, पण त्यांच्या अंगावरची एकेक गोचीड हातानें वेचून काढलेली; दुसऱ्या कुरणांत दक्षिणेचें एकहि गुरूं नाहीं, केवळ गोचिड्या पसरलेल्या. पहिल्या कुरणांतलीं उत्तरेचीं गुरें सुखरूप राहिलीं, दुसऱ्यांतलीं आजारी पडलीं. १८९३ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. त्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली. ही गोचीड एकाच दारीं जेवणारी. मग ती रोग पसरविते कशी? उत्तर असें कीं आईच्या पोटांतील रोग अंड्यांत उतरतो, आणि नवीं पिलें जन्मतःच तो घेऊन निघतात. तो रोग घडविणारा जीव जंतूंच्या वर्गांतला नव्हता, रक्तांतील तांबड्या पेशींत राहणारा दुसऱ्या जातीचा होता. परंतु वाट सांपडली ती सर्वांच्या उपयोगी पडली.

आतां मुख्य हकीकत. अमेरिकेच्या वायव्येस माँटाना संस्थानांत बिटररूट नांवाच्या नदीचें खोरें आहे. तेथें नव्यानें येऊन राहिलेल्या लांकूडतोड्यांत व शेतकऱ्यांत दर वसंतऋतूंत एक भयंकर ताप येई. डोकें फुटून जाईल असें दुखे, मग मनगटांवर व घोट्यांवर तांबडे ठिपके उठत, ते तळहात व तळपाय यांवरहि पसरत व काळसर होत. नदीच्या पश्चिम तीरावर या तापानें आजारी पडलेल्यांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक माणसें मरत. लोक म्हणत, डोंगरावरचें बर्फ वितळून जें पाणी येतें त्यांत हें विष आहे. १९०२ सालीं दोघां वैद्यांनीं गोचिडीवर संशय घेतला. पण पुरावा अपुरा होता, आणि जो जीव त्यांस रक्तांत दिसला असें त्यांनीं म्हटलें तो पुढें कोणास आढळला नाहीं.

१९०६ सालीं शिकागोच्या विद्यापीठांतून हॉवर्ड टेलर रिकेट्स नांवाचे पस्तीस वर्षांचे प्राध्यापक त्या खोऱ्यांत आले. त्यांनीं रोग्याचें रक्त गिनीपिगास टोचलें, त्यास ताप आला. आजारी गिनीपिगावर एक गोचीड बसवून तिला रक्त पिऊं दिलें, आणि मग तीच गोचीड निरोगी गिनीपिगावर ठेवली. तोहि आजारी पडला. एवढी साधी गोष्ट, पण पाण्याचा व बर्फाचा सारा वाद तिनें मिटविला. पुढील वर्षांत रानांतील गोचिड्यांच्या अंगींहि हा रोग असतो, आणि टेक्सासच्या गोचिडीप्रमाणें तो अंड्यांतून पिलांत उतरतो, हेंहि त्यांनीं दाखविलें. १९०९ सालीं त्यांस रोग्यांच्या रक्तांत व गोचिडींच्या अंड्यांत अतिशय बारीक काठीसारखे जंतु दिसले. इतर जंतूंप्रमाणें ते बाटलींतील रसांत वाढविण्याचे सर्व प्रयत्न फसले. हे जंतु जिवंत पेशीच्या आंतच वाढतात, बाहेर वाढत नाहींत, हें त्याचें कारण होय.

मग रिकेट्स मेक्सिको शहरीं गेले. तेथें उवांपासून पसरणारा टायफस ताप चालू होता व त्याचें या ठिपक्यांच्या तापाशीं साम्य त्यांस दिसलें होतें. तेथें शोध करीत असतां तोच ताप त्यांस लागला, आणि ३ मे १९१० रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ते मरण पावले. पेशींत राहणाऱ्या या जंतूंच्या साऱ्या कुळास आज रिकेट्सिया म्हणतात, तें त्यांच्याच नांवावरून.

बिटररूटच्या खोऱ्यांत काम थांबलें नाहीं, आणि मरणेंहि थांबलीं नाहींत. गोचिड्यांचा नाश करण्याच्या कामावर असलेले सरकारी डॉक्टर मॅक्लिंटिक १९१२ सालीं याच तापानें वारले, आणि त्यानंतर प्रयोगशाळेंतील आणखी कित्येक माणसें गेलीं. हॅमिल्टन गांवाबाहेरील एका रिकाम्या शाळेच्या इमारतींत स्पेन्सर व पार्कर हे दोघे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनीं पाहिलें कीं हिवाळाभर उपाशी राहिलेली रोगी गोचीड कुटून टोचली तरी गिनीपिगास ताप येत नाहीं; पण तिनें थोडें रक्त प्यालें कीं तिच्यांतले निजलेले जंतु जणूं जागे होतात व मारक ठरतात. आपल्या वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. चिकटलेली गोचीड जितकी लौकर काढावी तितकें बरें, असें जें सांगतात त्याचें मूळ येथें आहे. जंतु भरलेल्या गोचिड्या कुटून, कार्बोलिक द्रव्यानें ते जंतु मारून त्यांनीं लस केली, आणि १९२४ सालीं स्पेन्सरनें ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१९२८ सालीं नवी मोठी प्रयोगशाळा उभी राहूं लागली, तेव्हां गांवकरी न्यायालयांत गेले. आंतल्या गोचिड्या पळून आमच्या घरांत येतील, अशी त्यांची तक्रार. शेवटीं इमारतीभोंवतीं पाण्याचा चर ठेवून त्यांचें समाधान करण्यांत आलें. याचें कोणीं हंसूं करूं नये. ज्यांनीं शेजारच्या घरांतून प्रेतें निघालेलीं पाहिलीं होतीं त्यांचें भय खरें होतें. त्याच प्रयोगशाळेंत १९८१ सालीं विली बुर्गडॉर्फर या शास्त्रज्ञास न्यूयॉर्ककडून आलेल्या गोचिडींच्या आंतड्यांत मळसूत्रासारखे वळलेले जंतु दिसले. कनेटिकट संस्थानांतील लाइम गांवाच्या आसपास १९७५ पासून मुलांचे सांधे कां सुजतात हें जें कोडें होतें, तें त्यायोगें सुटलें. तो लाइम रोग थंड देशांत फार आहे.

आपल्या देशांत १९२१ सालीं मेगॉ नांवाच्या लष्करी वैद्यांनीं एका वैद्यकीय मासिकांत असा लेख लिहिला कीं हिंदुस्थानांत टायफससारखा एक ताप आढळतो व तो बहुधा गोचिडीपासून होत असावा. त्यांचा तर्क खरा ठरला. आज त्यास भारतीय गोचीडज्वर म्हणतात. त्याचा जंतु रिकेट्सच्या जंतूचा जवळचा नातलग असून तो पसरविण्यांत कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचा मोठा हात आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत त्याचे रोगी सांपडले आहेत, व महाराष्ट्रांतील बालरोगतज्ज्ञांनींहि त्यांची नोंद केली आहे.

माझ्या ओळखीच्या एका घरीं सहा वर्षांच्या मुलास ताप आला. तिसऱ्या दिवशीं अंगावर पुरळ उठलें. गोवर आहे, असें सर्वांनीं ठरविलें. उशाशीं कडुनिंबाचा डहाळा ठेवला, आणि गोवरांत औषध देऊं नये म्हणून कोणाकडे नेलें नाहीं. पांचव्या दिवशीं मूल बरळूं लागलें तेव्हां तालुक्यास नेलें. डॉक्टरांनीं पहिल्यानें मुलाच्या मुठी उघडून तळहात पाहिले, नंतर तळपाय पाहिले. तेथेंहि ठिपके होते. "घरीं कुत्रें आहे काय?" असें त्यांनीं विचारतांच आजी म्हणाली, "आहे तर! आठवड्यामागें पोराच्या कानामागून मींच एक गोचीड काढली." हें एक वाक्य तिनें पांच दिवस कोणास सांगितलें नव्हतें, कारण तें सांगण्याजोगें आहे असें तिला वाटलेंच नाहीं. मूल वांचलें, पण कानाची पाळी व दोन बोटांचीं टोंकें काळीं पडलीं होतीं, तीं भरून येण्यास फार दिवस लागले.

असें कां होतें? हे जंतु रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तराच्या पेशींत शिरतात व तेथें वाढतात. अस्तर बिघडलें म्हणजे वाहिनी झिरपूं लागते. कातडींत झिरपली म्हणजे ठिपके दिसतात, मेंदूंत झिरपली म्हणजे बरळणें व झटके येतात, फुफ्फुसांत झिरपली म्हणजे धाप लागते. बारीक वाहिन्या बंद पडल्या कीं बोटें व कान काळे पडतात. आरंभीं मात्र ताप, डोकेंदुखी, अंगदुखी व ओकारी एवढेंच असतें, आणि तें हिंवतापांतहि असतें, डेंग्यूंतहि असतें. रक्ताची परीक्षा पहिल्या आठवड्यांत पुष्कळदां कांहींच दाखवीत नाहीं. म्हणून जाणते डॉक्टर परीक्षेच्या उत्तराची वाट न पाहतां केवळ संशयावरून औषध सुरू करतात. तें औषध डॉक्सिसायक्लिन. तें पन्नास वर्षांहून जुनें आहे व स्वस्त आहे. वेळेवर दिलें तर दोन तीन दिवसांत ताप उतरतो. पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें या जंतूंवर चालत नाहींत, मग सुया कितीहि टोचा. मुलांस तें औषध दिल्यानें दांत पिवळे होतात अशी पूर्वीं भीति होती. थोड्या दिवसांच्या मात्रेनें तसें होत नाहीं असें आतां ठरलें आहे. तथापि दुकानांतून स्वतःच गोळ्या आणून देणें हा मार्ग नव्हे. गरोदर स्त्रीविषयीं तर मुळींच नव्हे.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत २०१६ सालीं काजूच्या बागांत काम करणाऱ्या लोकांत जो माकडताप पसरला, तोहि गोचिडीपासूनच होतो. पण त्याचें कारण जंतु नसून विषाणु आहे. तो प्रथम १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत ओळखला गेला. त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होत नाहीं. त्या भागांत रानांत मेलेलें माकड दिसलें तर त्यास हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें. गुरांचाहि एक विचार आहे. संकरित गाय एकाएकीं दूध आटवते, ताप येतो, डोळ्यांच्या कडा फिक्या किंवा पिवळ्या होतात; यामागें पुष्कळदां गोचीडच असते, आणि तिनें आणलेल्या रोगांपैकीं एक तरी रक्तपेशींत राहणाऱ्या जंतूचाच आहे. गांवठी जनावर त्यांत तगतें, विकत आणलेली भारी गाय तगत नाहीं.

आतां गोचीड काढावी कशी? तिच्यावर रॉकेल ओतूं नये, तंबाखूचा रस लावूं नये, पेटती विडी टेंकवूं नये. अशानें ती सुटते असा समज आहे. पण चिडलेली गोचीड जागेवरच लाळ ओकण्याचा संभव असतो, आणि चामडी भाजते ती निराळीच. बारीक टोंकाच्या चिमट्यानें तिला कातडीच्या अगदीं लगत, तोंडापाशीं धरावें, फुगलेल्या पोटास धरूं नये. आणि न पिरगाळतां सावकाश सरळ वर ओढावें. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा कागद धरून ओढावें. तोंडाचा तुकडा कातडींत राहिलाच तर तेवढ्यासाठीं सुईनें कोरीत बसूं नये. नंतर जागा व हात साबणानें धुवावे. नखांनीं फोडण्याची चाल मात्र सोडलीच पाहिजे, मग ती गाईची गोचीड असो कीं कुत्र्याची. फुटलेल्या पोटांतील रस बोटाच्या चिरेंतून किंवा चोळलेल्या डोळ्यांतून आंत जातो. साबणाच्या पाण्याची अथवा रॉकेलची लहान बाटली गोठ्यांत टांगून ठेवावी व काढलेली गोचीड तींत टाकावी.

गोठ्याच्या भिंतींतील भेगा लिंपून चुना द्यावा, कारण अंडीं तेथें असतात. कुत्र्याची गोचीड तर भिंतीवर चढून आढ्यापर्यंत जाते. कोंबड्या गोठ्यांत फिरूं दिल्या तर त्या गोचिड्या आवडीनें टिपतात. औषध गुरांच्या डॉक्टरांच्या सांगण्यानें लावावें, व कांहीं आठवड्यांनीं पुन्हां लावावें. एका खेपेस सारी अंडीं मरत नाहींत. कपाशीवर फवारण्याचें विष जनावराच्या अंगावर ओतणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यानें गोचिडीआधीं वासरूं मरतें.

मुलें कुत्र्याशीं किंवा करडांशीं खेळून आलीं, अथवा रानांतून जळण घेऊन आलीं, म्हणजे रात्रीं निजण्यापूर्वीं त्यांचे कान, मान, काखा, कमरेचा करगोटा व केंसांची मुळें हातानें चाचपावीं. गोचीड सांपडली तर ती तारीख भिंतीवरच्या पंचांगांत लिहून ठेवावी. त्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आंत ताप आला, तर डॉक्टरांच्या दारांत पाऊल ठेवतांच, त्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां, ती तारीख त्यांस सांगावी.